कोड उघडा आहे, पण बिल्ड होतो का?

लिब्रेऑफिसचा सोर्स कोड कुणालाही उतरवून घेता येतो. परवानगी काढावी लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि मोझिला पब्लिक लायसन्स 2.0 या परवान्यामुळे त्यात हवा तो बदल करायचीही मुभा आहे. पण उतरवलेला कोड म्हणजे नुसत्या मजकुराच्या फायली. त्यांवर डबल क्लिक करून पत्र टाइप करता येत नाही. त्या फायलींमधून चालता प्रोग्राम घडवायचा, तोही विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर, हे वेगळेच काम आहे. मुक्त सॉफ्टवेअरबद्दल भरभरून बोलणारेही त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. माझे मत असे, की बाहेरच्या माणसाला जो कोड आपल्या यंत्रावर बिल्ड करता येत नाही, तो कागदावरच मुक्त असतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याच्या 1991 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत याची दखल घेतलेली आहे: 'सोर्स कोड' कशाला म्हणायचे हे सांगताना प्रोग्राम कंपाइल करण्याच्या आणि बसवण्याच्या स्क्रिप्टही त्यात धरल्या आहेत.

लिब्रेऑफिसचा बहुतेक कोड सी प्लस प्लस भाषेत आहे. प्रोसेसरला ही भाषा कळत नाही, त्याला यंत्रसूचना लागतात. कंपायलर हे रूपांतर एकेका फायलीचे करतो. फाइल उघडायची, तिच्यात 'इन्क्लूड' म्हणून बोलावलेल्या हेडर फायलींचा मजकूर जागच्या जागी घालायचा, आणि त्या सगळ्याच्या यंत्रसूचना करून एक ऑब्जेक्ट फाइल लिहायची. काम कसे करायचे हे हेडरमध्ये सहसा नसते. अमुक नावाचे फंक्शन आहे, ते इतक्या गोष्टी घेते आणि हे परत देते, एवढी हमी असते. त्या हमीवर कंपायलर पुढे जातो. अशा हजारो ऑब्जेक्ट फायली झाल्या की लिंकरची पाळी येते. हमी दिलेले प्रत्येक फंक्शन खरोखर कुठे आहे ते तो शोधतो आणि सगळे तुकडे एकमेकांना जोडतो.

हे दोन टप्पे नीट लक्षात ठेवले, तर बिल्ड करताना येणारे बरेचसे एरर उलगडतात. हेडर सापडले नाही तर कंपायलर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून थांबतो. हेडर मिळाले, फाइल कंपाइल झाली, पण हमी दिलेले फंक्शन कुठल्याच लायब्ररीत नाही, तर लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून अडतो. पहिल्या वेळी हेडर कुठे गेले ते पाहायचे, दुसऱ्या वेळी लायब्ररी. नवखा माणूस टर्मिनलवरची शेवटची ओळ वाचतो आणि हताश होतो, कारण तिथे बिल्ड थांबला एवढेच लिहिलेले असते. वर सरकत जाऊन पहिला एरर गाठावा. खालचे बहुतेक एरर त्याच्याच पोटचे असतात.

आता प्रश्न असा, की लॅपटॉपमधला प्रोसेसर तोच असेल तर विंडोजवर तयार केलेला प्रोग्राम लिनक्सवर का चालत नाही? यंत्रसूचना तर सारख्याच. पण प्रोग्राम म्हणजे नुसत्या सूचना नव्हेत. त्या फायलीची मांडणी ठरलेली असते आणि ती प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची निराळी आहे. विंडोजला पीई, लिनक्सला ईएलएफ आणि मॅकला माक-ओ मांडणीची फाइल लागते. शिवाय फाइल उघडणे, खिडकी काढणे, कीबोर्डवरची कळ ओळखणे ही कामे प्रोग्राम स्वतः करत नाही. ती तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेतो, आणि मागण्याची रीत प्रत्येकीची वेगळी आहे.

लिब्रेऑफिसने हा गुंता कसा सोडवला ते त्याच्या फोल्डरांवरूनच दिसते. सगळ्यात तळाला 'एसएएल' नावाचे फोल्डर आहे. फायली, थ्रेड, मेमरी अशा मूलभूत गोष्टींसाठी वरच्या कोडने फक्त याच्याशी बोलायचे. त्याच्या पोटात युनिक्ससाठी एक आणि विंडोजसाठी एक अशी वेगळी दालने आहेत. खिडक्या, बटणे आणि अक्षरे पडद्यावर काढण्याचे काम 'व्हीसीएल' या फोल्डरकडे. तिथेही विंडोज, मॅक आणि युनिक्स अशी तीन उपफोल्डरे आहेत, आणि युनिक्सच्या आत पुन्हा जीटीकेसारख्या पोटशाखा. स्प्रेडशीटमध्ये बेरीज करणाऱ्या कोडला आपण कुठल्या यंत्रावर आहोत याचा पत्ताही नसतो. बिल्ड सुरू झाला की ज्या सिस्टिमवर आपण आहोत तिचीच दालने कंपाइल होतात, बाकीची तशीच पडून राहतात.

या फोल्डरांची नावे जुनी आहेत. राइटरचा कोड 'एसडब्ल्यू' फोल्डरमध्ये आणि कॅल्कचा 'एससी' मध्ये असतो, कारण हे मूळचे स्टाररायटर आणि स्टारकॅल्क. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग गावात मार्को ब्योरिस या मुलाने 1985 मध्ये स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली, तिचे हे उत्पादन. 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि 2000 मध्ये ओपनऑफिस या नावाने कोड जगाला खुला केला. पण खुला झालेला तो कोड बिल्ड करणे महाकर्मकठीण होते. बिल्ड करवून घेणाऱ्या मेक या हत्याराचा डीमेक नावाचा वेगळाच अवतार, त्याच्या जोडीला पर्लच्या स्क्रिप्ट, आणि कोडमधल्या कित्येक टिपा जर्मन भाषेत. बाहेरच्या लोकांनी त्यावर आपले बदल आणि बिल्डची सोय चढवून 'गो-ओओ' नावाची आवृत्ती चालवली होती. सप्टेंबर 2010 मध्ये लिब्रेऑफिस वेगळे झाले तेव्हा ती त्यात सामावली. पुढच्या काही वर्षांत डीमेक काढून सगळा कारभार साध्या ग्नू मेकवर आणला गेला आणि स्वयंसेवकांनी जर्मन टिपांचे इंग्रजी केले. नव्या सुविधांच्या यादीत अशा कामाला जागा मिळत नाही. मला विचाराल तर लिब्रेऑफिस टिकले त्यात या कामाचा वाटा मोठा आहे, कारण नवा माणूस आत येऊ शकला तो यामुळेच.

आज बिल्डची कृती दोन कमांडची आहे. आधी ऑटोजेन नावाची स्क्रिप्ट चालवायची. ती यंत्राची झडती घेते: कंपायलर कुठला, कुठल्या आवृत्तीचा, पर्ल आहे का, पायथन आहे का, अमुक लायब्ररी आहे का. काही कमी असेल तर तिथेच थांबून सांगते. ही झडती यशस्वी झाली की दुसरी कमांड, मेक.

मेक हे हत्यार 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बनवले, आणि त्यामागची कल्पना इतकी साधी आहे की ती अजून जुनी झालेली नाही. कुठली फाइल कुठल्या फायलींपासून बनते हे लिहून ठेवायचे. तयार फायलीपेक्षा तिची मूळ फाइल नवी असेल, तरच ती पुन्हा बनवायची. लिब्रेऑफिसचा पहिला बिल्ड साध्या लॅपटॉपवर काही तास खातो. त्यानंतर राइटरमधली एक फाइल बदलली तर मेक तेवढीच कंपाइल करून तिची लायब्ररी पुन्हा जोडतो. मात्र सगळीकडे इन्क्लूड केलेल्या एखाद्या हेडरला हात लावला, तर शेकडो फायली पुन्हा कंपाइल होतात. म्हणून अनुभवी लोक हेडर बदलताना दहादा विचार करतात.

लिनक्सवर हे सारे सर्वांत सुखाने पार पडते. डेबियन किंवा उबुंटू असेल तर 'बिल्ड-डेप' ही एकच कमांड लिब्रेऑफिसला लागणारी सगळी पॅकेजे आणून बसवते. त्याआधी सोर्स पॅकेजांचे भांडार सेटिंगमध्ये चालू करावे लागते, आणि ते बऱ्याचदा बंद असते. इथे हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे लायब्ररी बसवलेली असूनही ऑटोजेन 'सापडली नाही' म्हणते. डेबियन प्रत्येक लायब्ररीचे दोन तुकडे करते: प्रोग्राम चालवायला लागणारा भाग एका पॅकेजमध्ये आणि हेडर दुसऱ्यात, ज्याच्या नावाशेवटी 'डेव्ह' असते. फेडोरावर त्याला 'डेव्हल' म्हणतात. नुसता प्रोग्राम वापरणाऱ्याला हेडर कधीच लागत नाहीत, म्हणून ते आपणहून येत नाहीत. ज्याला कंपाइल करायचे आहे त्याने ते मागून घ्यायचे.

लिनक्सचा खरा त्रास नंतर सुरू होतो, आपला बिल्ड दुसऱ्याला देताना. प्रत्येक प्रोग्राम ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीवर उभा असतो. तिच्यातल्या फंक्शनांवर आवृत्तीचा शिक्का असतो. 2.34 आवृत्तीच्या यंत्रावर बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्या यंत्रावर नेला, की तो '2.34 सापडली नाही' म्हणून सुरूच होत नाही. उलट जुन्या यंत्रावर केलेला बिल्ड नव्यावर व्यवस्थित चालतो. त्यामुळे सगळ्यांसाठी प्रोग्राम देणारे लोक मुद्दाम जुन्यातली जुनी चालेल अशी सिस्टिम राखून तिच्यावर बिल्ड करतात.

विंडोजवर मात्र सुरुवातीलाच घाम निघतो. कंपायलर मायक्रोसॉफ्टचा, तो व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येतो. पण ऑटोजेन आणि मेक ही युनिक्सच्या जगातली हत्यारे, त्यांना बॅश हवे, पर्ल हवे. म्हणून विंडोजवर सिगविन बसवून युनिक्ससारखे वातावरण उभे करायचे आणि त्यातून मायक्रोसॉफ्टचा कंपायलर चालवायचा, अशी वहिवाट वर्षानुवर्षे आहे. अलीकडे सिगविनऐवजी विंडोजमधल्याच लिनक्सची मदत घेण्याचीही सोय झाली आहे. दोन जगे एकत्र आली की पहिला खटका उडतो तो पत्त्यावरून. सिगविनमध्ये सी ड्राइव्ह 'सिगड्राइव्ह' नावाच्या फोल्डरखाली दिसतो आणि पत्त्यात पुढे झुकलेली रेघ असते, तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला विंडोजचा पत्ता कळतो, ज्यात सहसा मागे झुकलेली रेघ आणि 'सी' पुढे विसर्गासारखे दोन ठिपके असतात. बिल्डच्या स्क्रिप्ट हे पत्ते सतत इकडून तिकडे फिरवत असतात. मध्येच फोल्डरच्या नावात रिकामी जागा आली, की एका पत्त्याचे दोन तुकडे होतात आणि सगळे कोलमडते. म्हणून कोड 'माय डॉक्युमेंट्स' सारख्या ठिकाणी कधी ठेवू नये. सी ड्राइव्हच्या मुळाशी एक छोट्या नावाचे फोल्डर करून त्यात ठेवावा. छोटे अशासाठी, की विंडोजमध्ये पत्त्याची लांबी 260 अक्षरांत बसवण्याचे जुने बंधन अजून पुष्कळ प्रोग्राम पाळतात, आणि बिल्डमधली फोल्डरे चांगलीच खोल जातात.

वेगाचेही दुखणे आहे. युनिक्समध्ये एका प्रोग्रामने दुसरा सुरू करणे स्वस्त असते, म्हणून बिल्डच्या स्क्रिप्ट हजारो छोटे प्रोग्राम बेधडक चालवतात. विंडोजची प्रोग्राम सुरू करण्याची रीत निराळी आहे, त्यामुळे सिगविनला युनिक्सच्या रीतीची नक्कल करावी लागते आणि त्यात वेळ जातो. वर अँटीव्हायरस प्रत्येक नव्या ऑब्जेक्ट फायलीची तपासणी करतो. बिल्डचे फोल्डर त्या तपासणीतून वगळले तर चांगला फरक पडतो.

मॅकचे तसे नाही. तो आतून युनिक्सच, कंपायलर क्लँग, तो ॲपलच्या एक्सकोडबरोबर मिळतो. बिल्ड होतो आणि लिब्रेऑफिसचे ॲप समोर येते. ते ॲप म्हणजे वरून एक चिन्ह दिसणारे, आतून फोल्डर असलेले प्रकरण आहे, आणि प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्या त्याच्या पोटातच ठेवलेल्या असतात. आपल्याच मॅकवर ते लगेच उघडते. अडचण येते वाटताना. 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून बाहेरून उतरवलेल्या ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही आणि ॲपलकडून झालेली तपासणी, दोन्ही असावी लागतात. नसतील तर मॅक ते सहजासहजी उघडू देत नाही. सहीसाठी लागणारे खाते ॲपलकडून दर वर्षी पैसे भरून घ्यावे लागते. सुरक्षेचा हेतू मला मान्य आहे. पण चार मित्रांना आपला बदल दाखवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही चौकट जाचते, हेही तितकेच खरे. 2020 च्या अखेरीस ॲपलने स्वतःचे प्रोसेसर आणल्यावर मॅकसाठी बिल्डही दोन झाले, इंटेलचा एक आणि ॲपलचा एक.

मराठी माणसाने या विषयात लक्ष घालावे याचे एक थेट कारण आहे. संगणकात 'कि' साठवला जातो तेव्हा आधी 'क' आणि मग ऱ्हस्व इकार असतो, पडद्यावर मात्र इकार आधी काढावा लागतो. 'दऱ्या' मधला र वेगळ्या रूपात येतो. 'क्ष' मध्ये तीन कोड मिळून एक आकृती होते. काही फाँटांमध्ये 'ल' आणि 'श' ची मराठी रूपे हिंदीहून निराळी ठेवलेली असतात, आणि मजकूर मराठी आहे हे कळले तरच ती वापरली जातात. हे सगळे ठरवणाऱ्या कोडला शेपिंग इंजिन म्हणतात. पूर्वी लिब्रेऑफिस विंडोजवर मायक्रोसॉफ्टचे युनिस्क्राइब, मॅकवर ॲपलचे कोअरटेक्स्ट आणि लिनक्सवर हार्फबझ वापरत असे. अक्षरे जोडण्याची तीन इंजिने, त्यामुळे तीन ठिकाणच्या चुकाही वेगवेगळ्या. एकच मराठी दस्तऐवज दोन यंत्रांवर उघडला तर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटण्याची शक्यता, आणि जोडाक्षर एकीकडे बिघडले तर दुसरीकडे ठीक.

फेब्रुवारी 2017 मध्ये आलेल्या 5.3 आवृत्तीत हे बदलले. तिन्हीकडे हार्फबझ. हा बदल शक्य झाला कारण हार्फबझचा कोड खुला आहे आणि तो तिन्ही सिस्टिमांवरच्या कंपायलरांखाली बिल्ड होतो. लिब्रेऑफिसच्या कोडमध्ये 'एक्स्टर्नल' नावाचे फोल्डर आहे. बाहेरच्या कुठल्या लायब्ऱ्या उतरवायच्या आणि त्यांत काय दुरुस्त्या करून बिल्ड करायच्या, हे त्यात लिहिलेले आहे. हार्फबझ त्यांतलीच एक. देवनागरीतली एखादी चूक तिथे एकदा सुधारली, की ती विंडोजवरच्या कारकुनाला, मॅकवरच्या संपादकाला आणि लिनक्सवरच्या विद्यार्थ्याला सारखीच पोचते. मायक्रोसॉफ्टचे किंवा ॲपलचे बंद इंजिन असताना आपण फक्त तक्रार नोंदवू शकत होतो.

बिल्डकडे दुर्लक्ष झाले तर काय होऊ शकते, याचे अलीकडचे उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. फायली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. त्याचे शेवटचे कळीचे पान उघड्या कोडच्या भांडारात नव्हतेच. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये ते होते. लिनक्सची ठरावीक पॅकेजे बिल्ड होत असतानाच ते जागे व्हायचे आणि परीक्षणाच्या फायली म्हणून ठेवलेल्या डेटामधून घातक कोड काढून लायब्ररीत मिसळायचे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले, त्याने त्याचा माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी प्रकार उघड केला. कोड वाचणारे पुष्कळ असतात, बिल्डच्या स्क्रिप्ट वाचणारे थोडे. चोराने ते बरोबर हेरले होते.

केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे 1984 मध्ये छापून आले, हीच भीती आणखी खोलवर नेली होती. कंपायलरच बिघडवलेला असेल तर कोड कितीही निर्मळ असो, प्रोग्राम निर्मळ असेलच असे नाही. यावरचा आजचा उपाय म्हणजे कुणीही, कुठेही बिल्ड केले तरी बिट न् बिट तीच फाइल निघाली पाहिजे, असा आग्रह. डेबियनमधले लोक 2013 पासून त्यामागे आहेत. आडवे येतात ते क्षुल्लक वाटणारे तपशील: फायलीत उमटलेली बिल्डची वेळ, फोल्डरचा पत्ता, फायली वाचल्या गेल्याचा क्रम. ते सगळे बांधून टाकले की दोन अनोळखी माणसे आपापल्या घरी बिल्ड करून एकमेकांचा निकाल पडताळू शकतात.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी लिनक्सपासून सुरुवात करावी. डिस्कवर कित्येक जीबी जागा मोकळी ठेवावी. पहिला बिल्ड रात्री लावून ठेवावा. ऑटोजेनला भाषा म्हणून मराठीचा संकेत 'एमआर' द्यावा, म्हणजे मराठी भाषांतराच्या फायलीही उतरतात आणि मेनू मराठीत तयार होतात. मेकचे काम संपल्यावर 'इन्स्टडिर' फोल्डरमध्ये प्रोग्राम तयार असतो. तो आपल्या नेहमीच्या लिब्रेऑफिसला धक्का न लावता वेगळा चालतो, आणि बिघडला तर फोल्डर पुसून टाकले की झाले. मेनूतला एखादा मराठी शब्द खटकला तर तो 'ट्रान्सलेशन्स' फोल्डरमधल्या मराठी फायलीत सापडतो. तिथे बदलून पुन्हा मेक चालवला की आपला शब्द पडद्यावर दिसतो. तो सगळ्यांपर्यंत पोचवायचा असेल तर प्रकल्पाच्या वेबलेट या भाषांतराच्या जागी सुचवायचा. महिन्यांची आणि वारांची मराठी नावे, तारीख लिहायची पद्धत हे मात्र भाषांतरात नसते. ते मराठीच्या स्थानिक माहितीच्या फायलीत असते, आणि तिच्यातला बदल कोडमधला बदल म्हणूनच पाठवावा लागतो.

असा बदल गेरिट या तपासणीच्या यंत्रणेत जमा झाला, की आधी तो लिनक्सवर, विंडोजवर आणि मॅकवर आपोआप बिल्ड करून पाहिला जातो. एके ठिकाणी जरी अडला तरी तिथल्या एररसकट परत येतो. तिन्हीकडे पार पडला, की मग एखादा जुना जाणता तो वाचतो, शंका विचारतो, आणि पटले तर मुख्य कोडमध्ये सामील करून घेतो.